स्वतःच्या शब्दांत, किमान पाच ओळी

पत्र चांगलं होतं, हे त्याला सगळ्यात आधी जाणवलं. सकाळी बूट घालत असताना बायकोने कर कार्यालयाचा लिफाफा त्याच्या हातात कोंबला, त्याने तो बसमध्ये खिडकीशी बसून फोडला आणि पहिल्याच ओळीला त्याची मान आपोआप डोलली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’. व्वा. ‘आपणांस’वरचा अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. बावीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात कारकून होता. शहरात कुणाच्या नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या मीटरने अद्वातद्वा आकडे दाखवले, की उत्तर जायचं ते त्याच्या टेबलावरून, आणि या भाषेतलं त्याचं कसब खात्यात नावाजलेलं होतं. पहिल्याच दिवशी जुन्या साहेबांनी त्याला शिकवून ठेवलं होतं, ‘पत्रात मी आला की मागोमाग चौकशी येते. मी लिहायचं नाही.’ तेव्हापासून त्याच्या पत्रांत माणसंच नव्हती. नळ तपासण्यात येत असे, गळती आढळून येत असे, दिलगिरी व्यक्त करण्यात येत असे. कोण तपासतं, कुणाला आढळतं, दिलगिरी नेमकी कुणाला वाटते, या भानगडीत बावीस वर्षांत कुणी पडलं नव्हतं. त्यामुळे हे पत्र आपल्यालाच आलेलं आहे, हे त्याच्या ध्यानात यायला दुसरा परिच्छेद उजाडावा लागला.

‘आपण नोकरीव्यतिरिक्त दर्शविलेला बॅगा, जाकिटे आदींच्या चेन दुरुस्तीचा उद्योग नफ्याच्या हेतूने करण्यात येतो अथवा केवळ छंद म्हणून, याबाबतचा खुलासा स्वतःच्या शब्दांत, स्वहस्ते, किमान पाच ओळींत सादर करावा.’ त्याने ते तीनदा वाचलं आणि त्याचा थांबा निघून गेला. गोष्ट साधी होती. पगारातून कर महिन्याच्या महिन्याला कापला जायचा, त्यात त्याला कधी काही बघावं लागलं नव्हतं. यावर्षी पहिल्यांदाच त्याने संध्याकाळच्या कामाचाही हिशोब विवरणपत्रात दाखवला होता, आणि त्या कामात निघाला होता तोटा. तोटा पगारातून वजा होतो, कापलेल्या करातले बरेच पैसे परत मिळतात, जवळजवळ अर्ध्या पगाराइतके, असं करसल्लागार मुलीने सांगितलं तेव्हा त्याला तोट्याबद्दल एकदम माया वाटली होती. बायकोने तर त्या पैशांचं कपाटही मनातल्या मनात करून टाकलं होतं, लोकांच्या बॅगा ठेवायला, दाराचं. पण धंद्याचाच तोटा वजा होतो. छंदाचा तोटा ज्याचा त्याने सोसायचा. पुढच्या थांब्यावर उतरून तो उलटा चालत निघाला आणि चालता चालता त्याला कळलं की पैशांपेक्षा आपल्याला तो शब्दच टोचतो आहे.

कचेरीत जेवणाच्या सुट्टीत त्याने कागद पुढे ओढला. पाच ओळी म्हणजे त्याच्या हातचा मळ. ‘सदर इसमाकडून नादुरुस्त चेन दुरुस्त करण्यात येतात.’ त्याने वाक्य वाचलं आणि त्याला त्या सदर इसमाची भीती वाटली. हा इसम कुणाच्याही घरात शिरून चेन दुरुस्त करून गेला असता. कागद चुरगळला. दुसरा घेतला. ‘सदर उद्योगामागे नफ्याचा हेतू बाळगण्यात आलेला आहे.’ कुणी बाळगला? कुठे बाळगला? शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळा विभाग ‘रेडिओ’ म्हणायचा, कारण तो बंद होत नसे आणि त्यावर सगळ्या खात्याच्या बातम्या लागत. त्याने डबा सरकवून मान लांब केली, पत्र वाचलं आणि निकाल दिला, ‘एवढं काय डोकं शिणवतोयस? छंद लिही आणि सूट. धंदा म्हटलास की दरवर्षी मागे लागतील. छंदाला कोण विचारतंय?’ ‘पैसे परत मिळणार नाहीत मग.’ ‘नाही मिळाले तर नाही मिळाले. झाकली मूठ राहते की नाही?’ रेडिओचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. त्याने पेन उचलून ‘छं’ एवढं लिहिलंसुद्धा. आणि मग त्या अक्षराकडे बघत तो बसून राहिला, डबा गार होईपर्यंत.

कारण हा शब्द त्याने आधी एकदा असाच सरकारी कागदावर पाहिला होता. वडील गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत विम्याच्या पावत्यांखाली एक घडी सापडली होती. वडीलही कारकूनच, गोदामातले. पण रविवारी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर चढलेले वडील आणि सोमवारी सकाळी टाय घट्ट बांधून निघालेले वडील ही दोन वेगवेगळी माणसं आहेत, असं त्याला लहानपणी खरोखरच वाटायचं, आणि शिडीवरचे त्याला जास्त आवडायचे. ते अक्षराचं पोट भरताना स्वतःचे गाल फुगवत. एकदा एका बुटांच्या दुकानाची पाटी रंगवत असताना त्यांचा साहेब खालून गेला. सोमवारी मेमो मिळाला. त्यानंतर घरात शिडी दिसली नाही, ब्रश कुणाला तरी देऊन टाकले गेले, आणि कुणी विषय काढलाच तर वडील हसून म्हणत, ‘दोन घरचा पाहुणा उपाशी.’ पेटीतली घडी म्हणजे त्यांनी दिलेल्या उत्तराची नक्कल होती: ‘सदर रंगकाम केवळ छंद म्हणून करण्यात आले असून यापुढे करण्यात येणार नाही.’ अक्षर देखणं होतं. एवढी वर्षं त्याला वाटत आलं होतं की वडिलांनी काम सोडलं ते साहेबाला भिऊन. आज ‘छं’कडे बघताना त्याला वाटलं, तसं नसणार. स्वतःच्या हाताने एकदा छंद लिहून दिल्यावर त्या ब्रशाला हात लावायला त्यांना लाज वाटली असणार. त्याला भडभडून आलं, आणि रेडिओने ते पाहिलं असावं, कारण तो चक्क पाच मिनिटं बंद होता.

त्याला स्वतःला असा काही धोका नव्हता म्हणा. त्याच्या खात्याने रीतसर परवानगी दिली होती, ‘कार्यालयीन वेळेबाहेर हरकत नसावी’, मसुदा अर्थातच त्याचाच. संध्याकाळी परतताना तो सल्लागार मुलीकडे गेला. ही त्याच्या मुलीची वर्गमैत्रीण; चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायची, त्याला काका म्हणायची आणि कराबद्दल असं बोलायची की जणू तो एखादा खोडकर भाचा आहे. तिनेच विवरणपत्र भरताना विचारलं होतं, ‘काका, घराचा कितवा भाग धंद्यासाठी वापरता?’ त्या रविवारी तो टेप घेऊन घरभर फिरला होता. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग, खिडकीखालचं यंत्र, पलंगाखालच्या दोन पेट्या; बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ‘न्हाणीघराच्या दारामागे तीन जाकिटं लटकलीयत, तेही मोजा. आणि माझ्या कपाटाच्या मुठीला ती तंबूची पिशवी. आणि हो, माझं डोकं. त्यात पण चेनच असतात हल्ली.’ शेवटी एक नवमांश निघाला. आपण राहतो त्या घराचा एक नवमांश आपला आहे, हा विचार तेव्हा त्याला एवढा सुखाचा वाटला होता की त्याने तो भाग झाडून काढला. आता सल्लागार मुलीने पत्र वाचलं, शिट्टी वाजवली आणि म्हणाली, ‘सोप्पं आहे. नफा हवाय असं लिहा. हवाय ना?’ ‘हवाय ग.’ ‘मग तसंच लिहा. आणि काका, कमीत कमी लिहा हं. जेवढं विचारलंय तेवढंच. कागदावर जास्त सांडलं की पुसायला मला लागतं.’

नफा हवाय का? जिना उतरताना त्याने स्वतःला विचारलं आणि त्याला आठवली ती स्वतःच्या मुलीच्या परीक्षेची सकाळ. बारा वर्षं झाली. दप्तराची चेन अडकलेली, पेन्सिली आत, मुलगी रडकुंडीला आलेली, बायको कात्री आणायला धावलेली. त्याने दप्तर मांडीवर घेतलं. अडकलेला धाग्याचा तुकडा सुईने सोडवला, दात्यांवर मेणबत्ती घासली, रनरला पक्कडीने दोन्ही बाजूंनी जरासं दाबलं, अगदी जरासं, कारण जास्त दाबलं तर रनर तुटतो आणि कमी दाबलं तर दाते धरत नाहीत, आणि मधली जी जागा आहे ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळते. आणि मग ती सरकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दाताला दात लावत, बारीक कुरकुर करत. कार्यालयात त्या दिवशी तो सारखा अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळत होता. काहीतरी ‘करण्यात आलं’ नव्हतं. त्याने केलं होतं. मग शेजाऱ्यांचं जाकीट, मग साहेबांच्या बायकोची प्रवासाची बॅग, मग अनोळखी माणसं दारात, ‘चेनवाले इथेच राहतात ना?’ पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो मागे वळून पाहायला लागला होता, की कोण बुवा.

रविवारी सकाळी तो टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागावर कागद घेऊन बसला. दुसऱ्या अर्ध्यावर बायको भाजी निवडत होती. बराच वेळ ‘मी’ एवढंच अक्षर कागदावर एकटं बसून होतं आणि त्याला त्याची कणव येत होती. ‘मी काय?’ बायकोने वाकून पाहून विचारलं. ‘तेच तर.’ ‘काय करता तुम्ही?’ ‘चेन दुरुस्त करतो.’ ‘मग लिहा ना तसं. मी चेन दुरुस्त करतो. एवढी पत्रं लिहिता लोकांना, आणि स्वतःचं म्हटलं की दातखीळ बसते.’ त्याने लिहिलं. ‘पुढे?’ ती न्यायाधीशासारखी सुरी टेकवून बसली. ‘पैसे का घेता? माझ्या बहिणीकडूनसुद्धा घेतलेत.’ ‘अर्धे.’ ‘घेतलेत ना? का?’ याचं उत्तर त्याला ठाऊक आहे, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. ‘अगं, फुकट दिलं की माणूस नुसता छान छान म्हणतो आणि निघून जातो. पैसे घेतले की तिथेच उभा राहून चेन दोनदा वरखाली करून बघतो. तुझी बहीण तर चारदा करते. आणि मला ते बघायचं असतं.’ बायकोने सुरी खाली ठेवली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्याबद्दल काही नवीन कळण्याचे प्रसंग आता थोडेच येत. ‘हेच लिहा,’ ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. मग मात्र पेन अडलं नाही. पाचाच्या नऊ ओळी झाल्या. सल्लागार मुलीने काय बजावलं होतं, ते त्याला शाई वाळल्यावर आठवलं, पण एकही ओळ खोडावीशी वाटेना.

पत्रात खाली दिल्याप्रमाणे मंगळवारी सुनावणी होती, खुलासा तिथेच द्यायचा होता. खोली लहान, भिंतीला फायली, टेबलामागे पन्नाशीच्या अधिकारी बाई, समोर दोन खुर्च्या. एकीत तो, दुसरीत सल्लागार मुलगी. बाईंनी चष्मा काढायला टेबलावरची पर्स ओढली आणि चेन अडकली. त्यांनी खेचली. पुन्हा खेचली, तिरकी. त्याच्या अंगावर काटा आला. अस्तराची कड रनरमध्ये गेली होती, इथूनही दिसत होतं. मागे घ्यायची, अस्तर ताणून धरायचं, दहा सेकंदांचं काम. त्याचा हात टेबलापर्यंत गेला आणि त्याच्या मनात आलं, आत्ता हात लावला तर ही लाच. पैसे घेतले नाहीत तर लाच आणि घेतले तर त्याहून वाईट. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसला. बाईंनी शेवटी फटीतून दोन बोटं घालून चष्मा ओढून काढला आणि त्याचा कागद मोठ्याने वाचला.

‘मी चेन दुरुस्त करतो. मी त्याचे पैसे घेतो. पैसे घेतले की माणूस उभा राहून चेन दोनदा वरखाली करून बघतो आणि नीट नसेल तर तोंडावर सांगतो, म्हणून घेतो. मी नोकरीही करतो आणि तीही नीट करतो. मला नफा हवा आहे. तो अजून झालेला नाही, कारण यावर्षी मी बंद पडलेल्या बॅगांच्या कारखान्यातून एक जुनं शिलाई यंत्र घेतलं. त्यावर जाड कापड शिवता येतं. मला हे काम फार आवडतं. परंतु आवडतं म्हणून तो धंदा नाही असं ठरवू नये, ही विनंती.’

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याचे कान तापले. बाई म्हणाल्या, ‘खात्यातल्या माणसाने लिहिलंय असं वाटत नाही.’ ही तक्रार होती की शाबासकी, त्याला कळेना. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. ‘जुनं?’ शेजारून सल्लागार मुलीचा बूट त्याच्या बुटावर पडला, पण उशीर झाला होता. ‘हो. जुनं आहे, पण उत्तम आहे. मी स्वतः उघडून साफ केलं.’ ‘विवरणपत्रात यंत्राची पूर्ण किंमत एकाच वर्षात खर्ची टाकलीय तुम्ही. ती सवलत कोऱ्या यंत्राला असते. जुन्याचा खर्च दहा वर्षांत विभागायचा.’ ‘मॅडम, बिलावर नुसतं यंत्र विकण्यात आले एवढंच होतं,’ मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, आणि मग त्याच्याकडे वळून, आणखी बारीक, ‘काका, बोलायचंत तरी.’ त्याला बोलायचं सुचलंच नव्हतं. यंत्र त्याच्या लेखी यंत्र होतं. जुनं म्हणजे काय, तर ओळखीचं.

बाई कॅल्क्युलेटरवर बोटं आपटत होत्या. तो त्यांच्या बोटांकडे पाहत होता आणि बायकोच्या कपाटाची दारं एकेक करून निखळत होती. नऊ ओळींतला एक शब्द. ‘सदर यंत्र खरेदी करण्यात आले’ असं लिहिलं असतं तर आत्ता तो घरी असता, कापलेला कर खिशात घालून. बाईंनी आकडा कागदावर उतरवला, खाली दोन रेघा मारल्या. ‘तोटा राहत नाही. परतावा मिळणार नाही.’ ‘बरं,’ तो म्हणाला. बाई पुढे म्हणाल्या, ‘उलट थोडा नफाच निघतोय. त्यावर कर, एकशे अडतीस.’ मुलीने कपाळावर हात मारून घेतला. तो मात्र पुढे झुकला. ‘काय निघतंय?’ ‘एकशे अडतीस.’ ‘नाही, त्याच्या आधी.’ बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘नफा.’ ‘यावर्षी?’ ‘यावर्षीच. फार नाही हं. एखाद्या आठवड्याच्या पगाराएवढा.’ ‘आणि मग ते छंदाचं?’ ‘छंदाला नफा कसा होईल हो? नफा झाला, तुम्ही पैसे घेता, यंत्र आहे, हे असं पत्र आहे,’ त्यांनी कागद फाईलला लावत टाचणी टोचली. ‘धंदा आहे.’ त्या इतक्या सहज म्हणाल्या की त्याला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. मांडीखालचे हात बधिर झाले होते; त्याने ते बाहेर काढले, आणि त्याला हसू फुटलं, ते आवरेना. सल्लागार मुलगी त्याच्याकडे अशी बघत होती, की काकांना धक्का बसला बहुतेक. दारापर्यंत जाऊन तो वळला. ‘पर्सची चेन तिरकी ओढू नका बाई. अस्तर अडकलंय, दाते शाबूत आहेत.’ ‘तुमची फाईल माझ्याकडे आहे तोवर तुम्ही सल्लासुद्धा देऊ नका,’ त्या म्हणाल्या, पण त्यांनी पर्स सरळ धरली.

कॉरिडॉरमधून त्याने बायकोला फोन लावला. ‘परतावा गेला. वर एकशे अडतीस कर भरायचाय.’ ‘आणि हसताय काय?’ ‘नफा झालाय म्हणतात. नफ्यावर असतो ना कर.’ ‘आपल्याला?’ ‘मला. म्हणजे, आपल्याला.’ ती म्हणाली, ‘कर लागला म्हणून लोक रडतात हो. तुमचं सगळंच उफराटं,’ आणि तिलाही हसू आलं, तो ते ऐकत उभा राहिला, येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. भरणा खिडकी तळमजल्यावर होती. रांगेत उभ्या लोकांची तोंडं कर भरणाऱ्यांची असावीत तशीच होती, आणि त्यांच्यात आपण लग्नाला आल्यासारखे दिसतो आहोत या भानाने त्याने चेहरा जरा आवळून घेतला. खिडकीतल्या माणसाने चलन सरकवलं. नाव, पत्ता, रक्कम त्याने झरझर भरली. खाली दोन चौकोन होते, डावीकडे ‘नोकरदार’ आणि उजवीकडे ‘व्यावसायिक’, आणि बारीक अक्षरात, ‘योग्य त्या चौकोनात खूण करावी.’ पेन थांबलं. बावीस वर्षांच्या सवयीने त्याला दिसलं की चौकोनात असं म्हटलंय, चौकोनांत नाही. अनुस्वार नाही.

‘काय अडलं?’ खिडकीतला माणूस म्हणाला.

‘एकातच करायची ना खूण?’

‘नोकरी आहे?’

‘आहे.’

‘धंदा आहे?’

‘आहे,’ तो म्हणाला, जरा मोठ्यानेच, रांगेतल्या दोघातिघांनी वर पाहिलं. ‘आहे.’

‘मग करा की दोन्हींत. तुम्हाला कुणी अडवलंय?’

त्याने आधी उजव्या चौकोनात खूण केली, मग डाव्यात.